एक नंबरचा पिंजरा

प्राणिगृहाच्या दाराबाहेर उभं राहून ते आधी दोनदा खाकरायचे आणि मग दार उघडायचे. आत उंदरांशिवाय कुणी नसलं तरीही. मी तिथे रुजू झाले त्या आठवड्यात मला वाटलं, यांना घशाचा त्रास असणार. वैद्यकीय तपासणीच्या यादीत त्यांच्या नावापुढे मी तशी नोंद केली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी घसा ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. मग मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "कुणाच्या घरात तुमी तशाच शिरता व्हय?"

आमची प्रयोगशाळा पिरंगुटच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून जरा आत आहे. औषध कंपन्या नवी औषधं आमच्याकडे पाठवतात, आम्ही ती उंदरांवर तपासतो आणि अहवाल देतो. तपासण्याचं काम शास्त्रज्ञांचं, कागदांचं माझं. कोणत्या पिंजऱ्याला कोणत्या दिवशी काय द्यायचं याचे तक्ते मी करते, रोजच्या नोंदी संगणकावर चढवते, सह्या गोळा करते. मला हे काम आवडतं. घरीसुद्धा फ्रिजवर माझ्या तीन याद्या असतात. कागदात हिची चूक होत नाही, असा ऑफिसात माझा लौकिक होता.

ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. पौडच्या वर डोंगरात त्यांची वस्ती, घरची मेंढरं. चराईच्या जागेवर प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली, तशी मेंढरं कमी होत गेली आणि ते ठेकेदारामार्फत आमच्याकडे लागले. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाणी आणि खाणं, आणि चाचणीच्या वेळी जनावर अलगद हातात धरून देणं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायचे. ते मला म्याडम म्हणत. रागावले की ताई.

त्यांच्या तोंडी उंदीर हा शब्द नव्हता. उंदीर म्हणजे शेतातला, दाणे खाणारा. आमच्याकडचे पांढरे, ते 'मंडळी'. मंडळी जेवली. मंडळी आज गप हायेत. या मंडळींना उग्र वास सोसत नाही म्हणून ते कामावर येताना कांदा-लसूण खात नसत, आणि दुसऱ्यांचीही गय करत नसत. आमचे शास्त्रज्ञ, ज्यांना आम्ही नुसतं डॉक्टर म्हणतो, एकदा अंगाला काहीतरी सुगंधी मारून आले. मामांनी त्यांना दारातच अडवलं. "लग्नाला निघाला असाल तर तिकडं जावा," म्हणाले, "हितं न्हाई." डॉक्टर मुकाट्याने परत गेले आणि मान धुऊन आले.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण मोजण्यावरून झालं. सकाळच्या तक्त्यात 'एकूण संख्या' असा रकाना होता. ते तिथे रोज लिहायचे, 'सगळी हायेत'. मी सांगून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी लेखी दिलं. ते म्हणाले, आमच्याकडं जित्राब मोजत न्हाईत, बघत्यात. मोजल्यावर आकडा बरोबर येतो, पण कोण गेलं आणि कोण आलं ते कळत नाही. मी ते अडाणीपणात जमा केलं आणि आकडा स्वतः घालू लागले.

पुढे दोनेक महिन्यांनी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, सहा नंबरच्या पिंजऱ्यात एक पाहुणा आहे. मी आकडा पाहिला, तो बरोबर होता. शेपटीवरच्या शाईच्या खुणा पाहायला गेले तर त्या पुसट झालेल्या. शेवटी जुन्या वजनांशी ताडून पाहिलं. मामांच्या रजेत पिंजरे धुताना बदली माणसाने दोन पिंजऱ्यांतले दोन उंदीर अदलाबदल करून ठेवले होते. पांढरे उंदीर, लाल डोळे, एका साच्यातून काढल्यासारखे. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांना प्रश्नच समजला नाही. तुमची पोरं शाळेतनं बदलून आली तर तुमाला कळंल का न्हाई, असं काहीसं म्हणाले. त्यानंतर खुणा पुसट झाल्या की मी त्यांनाच विचारायचे. तक्त्यात मात्र 'खुणेवरून ओळख पटवली' असंच लिहायचे.

ज्या कामावरून हे सगळं लिहिते आहे ते काम मनोविकारावरच्या औषधाचं होतं. ज्या माणसांना नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेलं दिसतं, त्यांना देतात त्या जातीचं औषध. या औषधांनी आवाज थांबतात, पण पुष्कळ माणसं मंद होतात, कशात लक्ष घालत नाहीत. शिकण्यावर आणि लक्ष देण्यावर नेमका काय परिणाम होतो, ते आम्हाला पाहायचं होतं.

त्यासाठी दोन खणांची एक पेटी असते, मधे छोटं दार. उंदीर एका खणात असताना शिट्टीसारखा आवाज होतो. दहा सेकंदांत तो पलीकडच्या खणात गेला तर काही होत नाही. नाही गेला तर पायाखालच्या सळ्यांना हलका झटका येतो. काही दिवसांत उंदीर शिकतो आणि आवाज झाला की लगेच पलीकडे जातो. मग त्याला औषध देतात. औषध दिलेला उंदीर आवाज ऐकतो आणि बसून राहतो. झटका बसला की मात्र पळतो. म्हणजे पाय शाबूत आहेत. मग तो शिकलेलं विसरला का, की त्याचं लक्ष जात नाही? डॉक्टर यावर तास तास बोलत.

मामा त्या पेटीशेजारी स्टुलावर बसून असायचे. एक दिवस डॉक्टरांचं बोलणं मधेच तोडून ते म्हणाले, "इसारला न्हाई त्यो. आवाज झाला की कान हलत्यात त्याचं, बघा तुमी. त्याला ठावं हाय आता काय हुणार. पर त्याचं त्याला काई वाटंना झालंय."

डॉक्टरांनी वाकून पेटीतल्या उंदराचे कान पाहिले. मग मला म्हणाले, हे लिहून ठेवा. माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मी लिहिलं नाही.

शिकलेलं खरंच शाबूत आहे का, हे तपासायचा एक उपाय असतो. काही उंदरांचं औषध थांबवायचं. ते पुन्हा आवाजावर उठू लागले, तर शिकलेलं आत होतंच. औषधाच्या मांडणीवर नऊ पिंजरे होते, प्रत्येकात तीन उंदीर. त्यातल्या दोन पिंजऱ्यांचं औषध थांबवून पुढच्या आठवड्यापासून नुसतं मिठाचं पाणी टोचायचं ठरलं. कोणते दोन, ते डॉक्टरांनी सोमवारी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्या काढल्या मामांनी; कशाच्या, ते त्यांना सांगितलं नव्हतं. तीन आणि एक निघाले. डॉक्टरांनी ऐकून आपल्या नोंदवहीत लिहिलं. मामांनी एका कागदाच्या कपट्यावर '३, १' असं लिहून तो माझ्या ट्रेमध्ये टाकला. कुणाला काय मिळतंय ते टोचणाऱ्याला आणि मामांना कळू नये म्हणून आमच्या बाटल्यांना नुसती रंगीत झाकणं असतात. कोणत्या पिंजऱ्याला कोणतं झाकण, हे माझ्या तक्त्यावरून चालतं.

मामा आकडे मराठीत लिहायचे. गोल, ठसठशीत, मेंढराच्या पाठीवर रंगाने खूण करावी तसे. सहा वर्षं मी ते वाचून इंग्रजीत चढवत होते आणि एकदाही चुकले नव्हते. पण ज्यांचं औषध होतं त्या कंपनीची माणसं लवकरच तपासणीला येणार होती, म्हणून मंगळवारी मी एक सूचना काढली. यापुढे सर्व आकडे इंग्रजीत लिहावेत. खाली तारीख घातली, प्लास्टिकमध्ये मढवली आणि प्राणिगृहाच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला लावली. मामांनी ती सावकाश वाचली, लिवतो की, म्हणाले, आणि त्या दिवसापासून खरोखरच इंग्रजी आकडे काढू लागले.

बुधवारी मी ट्रेमधला सोमवारचा कपटा घेतला आणि तक्ता करायला बसले. तीन मराठीत आणि इंग्रजीत दिसायला सारखाच. आणि मराठी एक, डोक्याशी गोल आणि खाली शेपूट, हा इंग्रजी नऊ दिसतो. कोणत्याही शाळकरी पोराला हे माहीत असतं. पण कालच हुकूम मी स्वतः काढला होता आणि माझ्या डोक्यात आता सगळं इंग्रजी होतं. मी तीन आणि नऊ वाचलं. तक्ता केला, सही केली, पाठवला.

म्हणजे नऊ नंबरच्या पिंजऱ्याचं औषध थांबलं, आणि ज्याचं थांबायला हवं होतं तो एक नंबरचा पिंजरा औषधावरच राहिला.

औषध थांबून चार दिवस झाल्यावर मामा मला कॉरिडॉरमध्ये भेटले. एक नंबरची मंडळी अजून बसूनच हायेत, म्हणाले, आणि नऊची पळाया लागली. मी घाईत होते. मी त्यांना सांगितलं की कुणाला काय दिलं जातं हे तुम्हाला कळूच नये असा नियम आहे, तेव्हा अंदाज बांधू नका, फक्त नोंद करा. त्यांनी नोंद केली. एक आणि नऊ, दोन्ही इंग्रजीत, स्वच्छ.

आणखी तीन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. ऑफिसात ते कधी येत नसत, चपला दाराबाहेर काढल्या होत्या. "ताई," म्हणाले, "तुमचा कागद येकदा बघा. मला बाटलीतलं काय कळत न्हाई, पर मंडळी मला कळत्यात."

ते गेल्यावर मी फाईल काढली. कपटा हातात घेतला आणि मला कळलं. एक सेकंदसुद्धा लागला नसेल.

तेव्हा झालं होतं ते एवढंच, की सहा उंदरांचा एक आठवडा वाया गेला होता. त्याच क्षणी उठून डॉक्टरांकडे गेले असते, तर त्यांनी कपाळाला हात लावला असता, चार शब्द सुनावले असते आणि तक्ता बदलला असता. डॉक्टरांची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे. पण तपासणी पाच दिवसांवर आली होती आणि मी कपटा फाईलमध्ये परत ठेवला. तपासणी एकदा होऊन जाऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. त्या पाच दिवसांत एक नंबरला औषध जातच राहिलं, माझ्या तक्त्याप्रमाणे. रोज सकाळी मी त्यावर सही केली.

कंपनीची दोन माणसं आली. पहिल्याच तासात त्यांनी डॉक्टरांची नोंदवही आणि माझा तक्ता शेजारी ठेवला. इकडे तीन आणि एक, तिकडे तीन आणि नऊ. हे कसं, त्यांनी मला विचारलं. मी कपटा काढून दिला आणि म्हटलं, "चिठ्ठी प्राणिगृहातल्या माणसाच्या हातची आहे. आकडे इंग्रजीत लिहायची सूचना दारावर लावलेली आहे." या दोन वाक्यांत खोटं एक अक्षर नाही. मी ती आधीच जुळवून ठेवली होती.

मामांना बोलावलं. ते हातमोजे काढून आले आणि भिंतीशी उभे राहिले. कंपनीच्या एका माणसाने विचारलं, सूचना वाचली होती का? वाचली की, ते म्हणाले. मग हे काय लिहिलंय?

त्यांनी कपटा लांब धरून पाहिला. "एक हाय. एकाला एक लिवलाय."

"पण इंग्रजीत लिहायचं होतं ना?"

ते जरा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन म्हणून ते थांबले होते, हे मला स्पष्ट कळत होतं. मी काही बोलत नाही असं पाहून ते म्हणाले, "मी लिवलं तवा त्यो कागद दारावर न्हवता."

कंपनीच्या माणसाने माझ्याकडे वळून पाहिलं. सूचनेच्या खाली तारीख होती, डॉक्टरांच्या नोंदवहीत चिठ्ठ्यांची तारीख होती. दोन्ही त्याच टेबलावर, हाताच्या अंतरावर. ताडून पाहायचं कुणाला सुचलं नाही. सगळ्यांच्या मते आमच्याकडे तारखांचं माणूस मी होते.

मी म्हटलं, "मामांच्या लक्षात नसेल."

मामांनी कपटा टेबलावर ठेवला, नीट, कडेला लावून. मग म्हणाले, मंडळींचं पाणी बदलायचं ऱ्हायलंय, जाऊ का.

ते ठेकेदाराचे कामगार होते, त्यामुळे काही लांबण लागली नाही. ठेकेदाराने शनिवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. डॉक्टरांना वाईट वाटलं. ते मला म्हणाले, इतका चांगला माणूस, पण वयामुळे होतं असं. मी मान हलवली.

शनिवारी दुपारी मामा माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलले तर बरं, असंही वाटलं. त्यांनी किल्ली ठेवली, पांढरा कोट घडी करून ठेवला आणि म्हणाले, "नव्या माणसासाठी चार गोष्टी सांगतो. तुमी लिवा. तुमाला लिवायला आवडतं."

मी वही घेतली. दोन नंबरमधली कान फाटकी, ती पाठीवरून हात फिरवल्याशिवाय बाटलीला तोंड लावत नाही. पाचमधला थोराड गडी उजव्या हाताने धरला तर चावतो, डाव्याने नाही, का ते ठाऊक नाही. आठमधल्या दोघींना वेगळं करू नका, खाणं सोडतील. खोलीत शिरताना आवाज द्या. भुसा बदलताना मूठभर जुना तसाच ठेवा, नाहीतर त्यांना आपलं घर ओळखू येत नाही. ते सांगत होते आणि मी क्रमांक घालून लिहीत होते. सतरा मुद्दे झाले. एक, तीन आणि नऊ या पिंजऱ्यांबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही. तो भागच पुन्हा करायचा म्हणून या तिन्हींतले उंदीर अभ्यासातून वगळले होते, आणि वगळलेल्यांचं काय करतात हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. शुक्रवारी शेवटच्या इंजेक्शनसाठी ते उंदीर धरून द्यायला मामाच होते.

शेवटी मी विचारलं, आणखी काही? न्हाई, म्हणाले, एवढंच हाय. आणि गेले. नव्या माणसाला मी ती यादी टाइप करून दिली. कुणी सांगितली, ते त्यावर घातलं नाही.

अभ्यास पुरा झाला. नव्या नऊ उंदरांवर तो भाग पुन्हा केला. औषध थांबवल्यावर सगळे उंदीर हळूहळू आवाजावर उठू लागले. शिकलेलं शाबूत होतं. अहवालात डॉक्टरांनी दोन पानं खर्चून जे लिहिलं, ते मामांनी स्टुलावर बसून चार वाक्यांत सांगितलं होतं. अहवाल मीच तपासून पाठवला. त्यात एक ओळ आहे: प्राणिगृहातील नोंदीच्या चुकीमुळे नऊ प्राणी वगळण्यात आले.

यानंतर दीड वर्ष गेलं. मी दुसऱ्या कामांच्या याद्या केल्या. मग एका रविवारी बसून मी अर्ध्या पानाचा कागद लिहिला. चिठ्ठीची तारीख, सूचनेची तारीख, मी काय वाचलं, मला कधी कळलं आणि मी काय बोलले. खाली सही केली. ठेकेदाराकडून कळलं होतं की मामा आता माण गावी, मुलीकडे असतात. भूगावच्या माझ्या घरून निघून मी तिथे गेले.

जावयाने शेतावर तीन मजली खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या आहेत. मामा खाली अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून उठले, मुलीला चहा ठेवायला सांगितलं. जिन्यावरून कुणी उतरलं की ते न बघताच सांगायचे, हा वरच्या खोलीतला नागपूरवाला, ही त्या दोघींतली गप्प असणारी. मी विचारलं, किती भाडेकरू आहेत एकूण? त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला, ओठ हलवत, तारखांपाशी थांबत. मुलगी चहा घेऊन आली होती, ती त्यांच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यो कुणाकुणाला दिला?"

"अजून कुणाला नाही," मी म्हटलं. "आधी तुम्हाला दाखवावा म्हटलं."

"मला कशाला? मला तर ठावंच हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी घातलेल्या घड्यांवरच घडी घालून त्यांनी कागद मला परत दिला आणि पावसापाण्याचं विचारलं. मुलगी आत गेली ती परत आली नाही. निघताना मी माझा कप उचलून मागच्या मोरीत ठेवून आले.

त्या दिवशी परत येताना मला काय वाटलं ते लिहायला हवं, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मला हलकं वाटलं. त्यांनी कागद ठेवून घेतला नाही, म्हणजे तो अजून माझ्याच हातात होता. द्यायचा की नाही ते मी ठरवणार होते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. डॉक्टर त्यांच्या खोलीत होते. मी दिला नाही. याला आता चार महिने झाले.

हे लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं की मामांचं नाव घालायचं नाही. त्यांना उगाच त्रास नको. आता पहिल्यापासून वाचून पाहिलं. प्रयोगशाळेचं नाव नाही, डॉक्टरांचं नाही, माझंही नाही. मामांचं नाव छापून आल्याने मामांना कसलाच त्रास नाही, उलट ते यायला हवं. लपवण्यासारखं ज्याचं काही आहे असं या हकिकतीत एकच माणूस आहे, आणि मी रोज आठ-वीसच्या बसने कामावर जाते.